चाळीसगावला न उतरता

माझ्या लहानपणी मुंबईहून धुळ्याला रेल्वेने यायच्या दोन तऱ्हा होत्या. रूळ तेच, स्टेशनं तीच, पण प्रवास वेगळा.

पहिली तऱ्हा अशी, की मिळेल त्या गाडीने चाळीसगाव गाठायचं. तिथे ट्रंक, वळकटी, पिशव्या आणि आम्ही तीन भावंडं असा सगळा संसार फलाटावर उतरवायचा आणि धुळे पॅसेंजरची वाट बघत बसायचं. वडील सामान मोजायचे. पुन्हा मोजायचे. कोणी जवळून गेलं की माय ट्रंकेवर हात ठेवायची.

दुसरी तऱ्हा होती धुळ्याच्या डब्यांची. मुंबईच्या गाडीला काही डबे धुळ्याचे म्हणून लावलेले असत. त्यात जागा मिळाली की आम्ही राजे. चाळीसगावला मुख्य गाडी भुसावळकडे निघून जायची आणि आपले डबे तेवढे मागे राहायचे. अंधारात एक धक्का बसायचा, मग बराच वेळ काहीच नाही, नुसता रातकिड्यांचा आवाज, आणि मग दुसरा धक्का. दुसरं इंजिन लागलेलं असायचं. माय झोपेतच अहिराणीत पुटपुटायची, "चाळीसगाव उनं," म्हणजे आलं, आणि कूस बदलायची. बाकाखालची ट्रंक तसूभरही हललेली नसायची.

मुंबई ते चाळीसगाव सव्वातीनशे किलोमीटरच्या थोडं वर, आणि तिथून धुळ्याचा फाटा जेमतेम ५६ किलोमीटरचा. जामदा, राजमाने, मोरदड तांडा, शिरूड, बोरविहीर, मोहाडी प्रगणे लळिंग आणि मग धुळे. मुख्य लाइन आमच्या गावाला आलीच नाही. त्यामुळे धुळ्याला रेल्वेने यायचं तर अजूनही चाळीसगाव चुकवता येत नाही. प्रश्न एवढाच असायचा, की तिथे उतरावं लागणार का.

गेली काही वर्षं मी धुळ्यातच, देवपुरातल्या घरात बसून सर्व्हर सांभाळते. कंपनी पुण्याची, सर्व्हर मुंबईतल्या एका डेटा सेंटरमध्ये. मायला सुरुवातीला ते पटायचं नाही. "आठे बठीसन मुंबईनं काम कसं करस तू?" असं ती दोन-तीनदा विचारून गेली. मी तिला इंटरनेट, क्लाउड वगैरे सांगून पाहिलं. शेवटी चाळीसगाव सांगितलं, तेव्हा तिने मान डोलावली. खरं तर ते सांगता सांगता मलाही माझं काम नीट समजलं.

ज्या सर्व्हरवर लोकांची माहिती असते, तो थेट इंटरनेटवर ठेवत नाहीत. त्याला आतला पत्ता देतात, १० किंवा १९२.१६८ ने सुरू होणारा. हे पत्ते घरातल्या हाकेसारखे असतात. 'बाळू' म्हटलं की घरातला एकच बाळू ओ देतो, पण गावात बाळू किती! हजारो ऑफिसांत हाच पत्ता असलेली मशीन असतात, म्हणून बाहेरून त्या पत्त्यावर हाक मारण्याला अर्थच नसतो. मग एक मशीन मध्ये ठेवतात. त्याचं एक तोंड बाहेर आणि एक आत. आम्ही त्याला जंप सर्व्हर म्हणतो, कोणी जंप होस्ट म्हणतं, कोणी बॅस्टियन, म्हणजे बुरूज. बाहेरच्याने आधी तिथे यायचं, ओळख पटवायची आणि मगच पुढे जायचं. लक्ष ठेवायला एकच दरवाजा, नोंद करायला एकच वही.

मी नोकरीला लागले तेव्हा आम्ही सगळे या मधल्या मशीनवर उतरायचो. आधी त्याच्यावर लॉगिन करायचं, तिथला प्रॉम्प्ट आला की तिथूनच पुन्हा एसएसएचची, म्हणजे दूरच्या मशीनवर सुरक्षितपणे जायच्या प्रोग्रॅमची, कमांड देऊन आतल्या सर्व्हरवर जायचं. काम व्हायचं, आणि काम होतंय म्हटल्यावर त्यात काय चुकतंय हे कोणी विचारत नव्हतं. चूक किल्लीची होती. (बोलताना आम्ही 'प्रायव्हेट की' म्हणतो, पण मराठीत लिहिताना 'की' म्हटलं की वाक्य अडखळतं, म्हणून किल्लीच म्हणते.) एसएसएचची किल्ली जोडीने बनते. एक भाग सार्वजनिक, तो सर्व्हरवर ठेवायचा. दुसरा खासगी, तो आपल्याजवळ. लॉगिन करताना आपला लॅपटॉप खासगी किल्लीने सही करतो आणि सर्व्हर सार्वजनिक भागाने ती सही पडताळतो. किल्ली स्वतः तारेवरून कधीच जात नाही. हे इतकं सुंदर आहे, की पहिल्यांदा समजलं तेव्हा मी वहीत चित्र काढून ठेवलं होतं.

पण मधल्या मशीनवर उतरून पुढे जायचं, तर पुढची सही तिथून करावी लागते. मग किल्लीही तिथेच हवी. म्हणून लोक आपली खासगी किल्ली मधल्या मशीनवर नेऊन ठेवायचे. मीही ठेवली होती, तीही पासफ्रेज, म्हणजे किल्लीचा स्वतःचा पासवर्ड, न लावता. म्हणजे चाळीसगावच्या फलाटावर घराची किल्ली ठेवून द्यायची, उद्या पुन्हा यायचंच आहे म्हणून.

एका पहाटे त्या जंप सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, अनोळखी पत्त्यावरून आलेलं लॉगिन दिसलं. एका जुन्या खात्याला पासवर्डने आत येण्याची मुभा राहून गेली होती आणि पासवर्ड सोपा होता. असे पासवर्ड दिवसरात्र आजमावत फिरणारे प्रोग्रॅम इंटरनेटवर सतत चालू असतात, त्यातला एक लागू पडला. त्या खात्याला सुडोचे, म्हणजे मशीनच्या मालकासारखे, अधिकार होते, त्यामुळे मशीनमधली प्रत्येक खोली उघडी झाली. आणि त्या खोल्यांमध्ये चार जणांच्या खासगी किल्ल्या पडून होत्या. त्यातली एक माझी.

पुढचे दोन दिवस आणि दोन रात्री आम्ही एकेका सर्व्हरवरून जुन्या सार्वजनिक किल्ल्या काढत होतो आणि नव्या घालत होतो. एप्रिल महिना होता, धुळ्याचं ऊन होतं, आणि दुपारी लाइट गेली की मी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम चालू ठेवत होते. थकवा त्या कामाचा नव्हता. आलेल्याने आमच्या किल्ल्या नुसत्या पाहिल्या, उचलून नेल्या की वापरल्या, हे कोणालाच छातीठोकपणे सांगता येत नव्हतं. ग्राहकाच्या माणसाने फोनवर शांतपणे विचारलं, "मग आम्ही आमच्या लोकांना काय सांगायचं?" तो प्रश्न मी अजून विसरलेले नाही. कोणाच्या तरी नावांचे, पत्त्यांचे, आजारांचे रकाने त्या आतल्या सर्व्हरवर होते, आणि ते सांभाळायचे म्हणून मला पगार मिळत होता.

तेव्हा मला असीरगड आठवला. आज तो मध्य प्रदेशात, बुऱ्हाणपूर जिल्ह्यात आहे, पण तो जुन्या खान्देशचा गड, फारुकी सुलतानांचा. अकबराच्या फौजेने महिनोन्महिने वेढा घातला तरी तो तोफांना बधला नाही. १६०१ साली तो पडला तेव्हा आतल्यांना पैसा चारला गेला, सोन्याच्या किल्ल्यांनी किल्ला उघडला, असं सांगतात. आमच्या बुरुजाला तर सोनंही लागलं नाही. किल्ल्या आम्हीच आत नेऊन ठेवल्या होत्या.

त्यानंतर कोणीतरी एजंट फॉरवर्डिंगचा उपाय सांगितला. त्यात किल्ली लॅपटॉपवरच राहते, फक्त मधल्या मशीनवरून सहीची मागणी लॅपटॉपपर्यंत परत येते आणि इथे सही होऊन तिकडे जाते. ऐकायला निर्धोक वाटतं. पण आपण जोडलेले असेपर्यंत त्या मधल्या मशीनवर ज्याच्याकडे रूटचे, म्हणजे सर्वोच्च, अधिकार आहेत, तो त्याच वाटेने आपल्या नावाची सही मागून घेऊ शकतो. किल्ली चोरीला जात नाही, पण सही करणारा हात तिथे टेकवून ठेवल्यासारखा होतो. एसएसएचच्या मॅन्युअलमध्येही ही सोय जपून वापरा असं लिहिलं आहे, आणि जंप होस्टची पद्धत याहून सुरक्षित ठरू शकते असंही. ही दोन वाक्यं मी किती वर्षं ओलांडून पुढे वाचत होते.

एसएसएच जन्मालाच आलं ते वाटेत कोणीतरी ऐकत होतं म्हणून. १९९५ साली फिनलंडमध्ये, हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड टिपणारा प्रोग्रॅम सापडला. तेव्हा दूरच्या मशीनवर जायला टेलनेट वापरत, आणि टेलनेटवर पासवर्ड पोस्टकार्डावरच्या मजकुरासारखा उघडा जाई. वाटेतला कोणीही वाचू शकत होता. तिथले संशोधक तातू युलोनेन यांनी त्यावर उपाय म्हणून एसएसएच लिहिलं. पोर्ट क्रमांकाची, म्हणजे मशीनच्या दाराच्या क्रमांकाची, गोष्ट मला विशेष आवडते. २१ क्रमांक फाइली पाठवणाऱ्या एफटीपीचा, २३ टेलनेटचा, आणि मधली २२ ची जागा रिकामी होती. युलोनेन यांनी क्रमांकांची नोंद ठेवणाऱ्या कार्यालयाला ईमेल केली, आणि जॉइस रेनॉल्ड्स यांनी ती जागा देऊन टाकली. १९९९ मध्ये ओपनबीएसडी या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमच्या लोकांनी त्याची मुक्त आवृत्ती, ओपनएसएसएच, उभी केली. आज बहुतेक लिनक्स सर्व्हरांवर तीच असते.

धुळ्याचे डबे मात्र एसएसएचमध्ये टप्प्याटप्प्याने आले. आधी जाणकार लोक मधल्या मशीनवर नेटकॅट नावाचा छोटा प्रोग्रॅम चालवून पलीकडची जोडणी ओढून घ्यायचे. २०१० मध्ये ओपनएसएसएच ५.४ मध्ये त्याचीच सोय अंगभूत झाली. आणि २०१६ मध्ये ७.३ या आवृत्तीत प्रॉक्सीजंप आलं. कमांडमध्ये मायनस कॅपिटल जे लिहायचं, त्यापुढे मधल्या मशीनचं नाव आणि मग जिथे जायचं त्याचं नाव. मधली ठिकाणं दोन-तीन असली तर स्वल्पविराम देऊन ओळीने लिहायची.

आत काय घडतं ते सांगते, कारण सगळं मर्म तिथेच आहे. माझा लॅपटॉप मधल्या मशीनला सांगतो, "मला पुढच्या सर्व्हरच्या २२ क्रमांकाच्या दारापर्यंत एक नळी जोडून दे." ते मशीन नळी जोडतं आणि बाजूला होतं. मग त्या नळीच्या आतून माझा लॅपटॉप आतल्या सर्व्हरशी नव्याने, थेट ओळख करून घेतो. दुसरं कुलूप लागतं ते माझ्या लॅपटॉपवर, आणि उघडतं ते थेट आतल्या सर्व्हरवर. मधल्या मशीनला एवढंच कळतं, की ही बाई आली, तिला अमुक सर्व्हरकडे जायचं होतं, इतके बाइट गेले, इतके आले. मी काय टाइप केलं ते त्याला दिसत नाही. माझी किल्ली तिथे नसते, माझा सही करणारा हात तिथे नसतो. चाळीसगावात फक्त इंजिन बदलतं.

ही पद्धत पहिल्यांदा जमली तेव्हा मी रात्री साडेअकराला उठून मायच्या खोलीत जाऊन आले. ती झोपली होती. सांगायचं राहिलं.

यात अडायच्या जागा आहेत, आणि त्या मला एकेक करून भेटल्या. कमांडमध्ये मायनस आय देऊन किल्लीची फाइल सांगितली, तर ती फक्त शेवटच्या मुक्कामासाठी धरली जाते. मधल्या मशीनला वेगळी किल्ली द्यायची असेल, तर ते कॉन्फिग फाइलमध्येच, म्हणजे एसएसएचच्या सेटिंगच्या फाइलमध्ये, लिहून ठेवावं लागतं. हे कळायला माझी एक आख्खी दुपार गेली. कधी 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्हली प्रोहिबिटेड' असा निरोप येतो. बरेचदा त्याचा अर्थ असतो, की मधल्या मशीनच्या मालकाने पुढे नळी जोडायलाच मनाई केली आहे. तिथे आपली किल्ली बरोबर असून उपयोग नाही, मालकाशीच बोलावं लागतं.

नावांची गंमत त्याहून गोड. आतल्या सर्व्हरचं नाव माझ्या लॅपटॉपला ठाऊक असायची गरज नसते, ते नाव मधलं मशीन शोधतं. मुंबईच्या फलाटावर कोणाला मोरदड तांडा विचारा, बहुतेकांना सांगता यायचं नाही. चाळीसगावात कोणीही हात करून गाडी दाखवेल.

आमची फुई, म्हणजे आत्या, चाळीसगावला राहायची, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर. धुळ्याकडून मुंबईला जाणारा आणि मुंबईहून धुळ्याला येणारा आमचा प्रत्येक नातेवाईक तिच्या ओट्यावर टेकायचा. कळण्याची भाकरी, ठेचा, तांब्याभर पाणी. शिवाय तिच्या घरात नेहमी दुसऱ्यांच्या वस्तू असत. कोणाचा फडक्यात बांधलेला डबा, कोणाची औषधं, कोणासाठी कोणी ठेवलेले पैसे. फुई त्या कोनाड्यात ठेवायची आणि ज्याच्या त्याला द्यायची.

आजोबा आणि मुंबईचे काका यांचा वाटणीवरून अबोला होता, तेव्हाची गोष्ट. आजोबांनी काकांसाठी एक पत्र फुईकडे दिलं, पाकीट न चिकटवता. कदाचित घाईत, कदाचित लेकीच्या हाती देतोय तर चिकटवायचं कशाला म्हणून. फुई त्यांची लेकच ना. त्या वाटणीत तिचाही हिस्सा निघत होता. पत्र चार दिवस तिच्या कोनाड्यात होतं. काका आले आणि तिने ते दिलं. पुष्कळ वर्षांनी मी तिला विचारलं, "फुई, तुला वाचावंसं नाही वाटलं?" ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मन्हा नावनं नव्हतं ते."

मधल्या माणसाबद्दल विचार करताना मला धुळ्याचा तुरुंगही आठवतो. १९३२ साली तिथे विनोबांनी दर रविवारी एक अशी गीतेवर अठरा प्रवचनं दिली. साने गुरुजी तिथेच कैदेत होते, त्यांनी ती उतरवून घेतली. भिंतीआडचे शब्द बाहेर पोचले ते गुरुजींच्या हातून. प्रत्येक शब्द त्यांनी ऐकला, समजून घेतला आणि तरी तो दुसऱ्याचा म्हणून जपला.

फुई काय किंवा गुरुजी काय, त्यांना सगळं दिसत होतं. पाकीट उघडं होतं, शब्द कानावर पडत होते. ते विश्वासू होते ते स्वतःच्या स्वभावाने. मला अशा माणसांपुढे हात जोडावेसे वाटतात. पण मी रोज ज्या मशीनमधून जाते, तिथे फुई बसलेली नसते. आज तिथे एक अ‍ॅडमिन असतो, उद्या दुसरा येतो, आणि एखाद्या पहाटे ज्याला कोणीच बोलावलं नाही असा तिसरा. त्या जागी कोण बसलंय यावर लोकांच्या आजारांचे रकाने सोडता येत नाहीत. म्हणून नळी अशी बांधायची, की मध्ये बसलेल्याची परीक्षा घ्यायची वेळच येऊ नये. आमच्या कामातलं गणित त्यासाठी आहे. गणिताला फुईची जागा घेता येत नाही, पण फुई नसेल तिथे पत्र चिकटवलेलं तरी राहतं.

गेल्या महिन्यात आम्ही नवा जंप सर्व्हर उभा केला. त्यावर कोणाचीही खासगी किल्ली नाही, पासवर्डने लॉगिन बंद, आणि काम करायला शेलही, म्हणजे कमांड द्यायची जागाही, नाही, फक्त पुढे जाता येतं. टीममध्ये नव्याने आलेली एक मुलगी शिरपूरहून, घरूनच काम करते. पहिल्यांदाच जोडत होती. तिचा फोन आला.

"ताई, स्क्रीनवर विचारतंय, या होस्टची खात्री पटवता येत नाही, पुढे जायचं का म्हणून. यस टाकू ना?"

"थांब," मी म्हटलं. "फिंगरप्रिंट वाच."

एसएसएचच्या पायरीवर सगळे इथेच घाई करतात. मीही कितीदा केली आहे. ते मशीन म्हणजे खरोखर आपलंच मशीन, हे पहिल्या भेटीत सांगणारी एवढी एकच खूण असते, आणि ती दुसऱ्या वाटेने पडताळून घ्यायची असते. सर्व्हर उभा केला तेव्हाच मी त्याचं फिंगरप्रिंट उतरवून ठेवलं होतं. ती ४३ अक्षरं तिने शिरपूरहून वाचायला सुरुवात केली आणि मी देवपुरात बोट ठेवून जुळवत गेले. मोठा के, लहान एक्स, सात, स्लॅश, लहान एम. मध्येच तिच्याकडे लाइट गेली, पंखा थांबल्याचं फोनवरसुद्धा कळलं. लॅपटॉप बॅटरीवर होता, नेट मोबाइलचं होतं, तिचा आवाज तुटत होता. "परत सांग, बी की डी?" "बी ताई, बदकाचा बी." जुळलं. तिने यस टाकलं.

लगेच तोच प्रश्न पुन्हा आला.

"ताई, आता तर खात्री केली ना?"

"ती मधल्याची होती. ही आतल्याची. ही तुझ्या लॅपटॉपवर थेट आतून आली आहे. मध्ये कोणी खोटा सर्व्हर उभा केला असेल, तर तो इथे पकडला जाईल. वाच."

पुन्हा ४३ अक्षरं. या वेळी ती सावकाश वाचत होती, एकेक अक्षर सुटं करून, मी न सांगता. मागे तिच्या आजीचा आवाज येत होता, पोरगी एवढं कसलं स्तोत्र म्हणते आहे असं काहीतरी. शेवटचं अक्षर जुळलं. यस. एंटर.

"आत आले," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "पण ताई, जंप सर्व्हर तर दिसलाच नाही मध्ये."

माझ्यासमोर जंप सर्व्हरचा लॉग उघडा होता. तिचं नाव, तिच्या किल्लीची खूण आणि दुपारचे चार वाजून बारा मिनिटं. त्या मशीनच्या वहीत तिच्याबद्दल एवढंच होतं.

"लागला ना," मी म्हटलं. "चाळीसगाव उनं नि गयं बी."